तीनदा फसलेली झडप आणि एक जुने टिपण

माझी भाची यंत्र अभियांत्रिकीची पदवीधर आहे. जन्म हैदराबादचा, शिक्षण तिथलेच. घरात मराठी, रस्त्यावर तेलुगू आणि परीक्षेत इंग्रजी, असा तिचा भाषाव्यवहार आहे. एका रविवारी सकाळी तिचा दूरध्वनी आला. "मामा, मला बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करायचे आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले आहे. इकडे गेटचे गुणही बरे पडले आहेत. तू केरळात होतास ना? तिरुवनंतपुरमची ती श्री चित्रा संस्था, तिच्याबद्दल सांग."

मी अर्थशास्त्राचा एम.ए., पोटासाठी केंद्र सरकारचा नोकर. अभियांत्रिकी शिक्षणाबाबत सल्ला देण्याचा माझा अधिकार शून्य. तरीही मी तिला बरेच काही सांगितले, आणि दूरध्वनी ठेवल्यावर ध्यानात आले की, जे सांगावयास हवे होते ते राहूनच गेले. ते येथे लिहीत आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या घरांतील अनेक मुले अलीकडे या विषयाकडे वळू लागली आहेत, तेव्हा आणखी कोणाच्या उपयोगी पडले तर बरेच.

हा विषय म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात. शरीर ही एक यंत्रणा आहे. तिच्यात दाब आहे, प्रवाह आहे, विद्युत्‌संदेश आहेत, घर्षण आणि झीजही आहे. या यंत्रणेला जोडावयाची, तिचे मोजमाप करावयाची किंवा तिचा बिघडलेला भाग बदलावयाची साधने घडविणे म्हणजे जैववैद्यकीय अभियांत्रिकी. आपल्याकडे तिची पदव्युत्तर परंपरा समजते त्याहून जुनी आहे. दिल्लीत आयआयटी आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांचे संयुक्त केंद्र १९७१ मध्ये निघाले. मुंबई आयआयटीत १९८८ मध्ये या विषयाचे स्वतंत्र स्कूल झाले. खरगपूर आयआयटीने २००१ मध्ये उलट्या बाजूने सुरुवात केली: एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरांनाच तंत्रज्ञान शिकवावयाचे. या सर्वांविषयी लिहिण्यासारखे आहे. पण ज्या एका ठिकाणी हा विषय प्रत्यक्ष वस्तूच्या रूपाने रुग्णाच्या छातीत जाऊन बसला, त्या तिरुवनंतपुरमबद्दलच मी लिहिणार आहे.

त्या शहरात माझी तीन वर्षे गेली. शासकीय सचिवालयासमोर एक पुतळा आहे आणि त्यावरून त्या चौकाला 'स्टॅच्यू' असेच नाव पडले आहे. बसवाहकही "स्टॅच्यू, स्टॅच्यू" असा पुकारा करतो. हा पुतळा कोणाचा, असे मी पहिल्याच आठवड्यात विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, सर टी. माधवराव. म्हणजे तंजावरच्या मराठी घराण्यातील आपले माधवराव. पुढे इंदूर आणि बडोदा येथे दिवाणगिरी केलेले. एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकांत ते त्रावणकोरचे दिवाण होते आणि ते सचिवालयही त्यांच्याच कारकीर्दीत १८६९ साली पुरे झाले. घरापासून इतक्या दूर आलेल्या मराठी माणसाला असा स्वकीय चौकात उभा दिसला की बरे वाटते, हे कबूल करावयास हरकत नाही. परंतु सांगावयाचे आहे ते निराळेच. त्रावणकोरच्या राजघराण्याने लोकोपयोगी कामासाठी वास्तू द्यावी आणि प्रशासनाने तिचे काहीतरी करून दाखवावे, ही रीत तिथे मुरलेली आहे.

त्याच रीतीने १९७३ मध्ये राजघराण्याने शहरातील एक बहुमजली इमारत केरळ सरकारला रुग्णालयासाठी दिली. शेवटचे महाराज श्री चित्रा तिरुनाल बलराम वर्मा यांचे नाव संस्थेला मिळाले ते त्यामुळे. मुख्यमंत्री त्या वेळी सी. अच्युत मेनन होते. इमारत हाती आल्यावर आणखी एक सर्वसाधारण रुग्णालय काढून मोकळे होणे सोपे होते. दर निवडणुकीला त्याच्या खाटा मोजून दाखविता आल्या असत्या. मेनन यांनी तसे केले नाही. १९७४ मध्ये त्यांनी डॉ. एम. एस. वलियाथन या चाळिशीतील हृदयशल्यविशारदाकडे हे काम सोपविले.

वलियाथन मूळचे मावेलिक्करा येथील. शल्यचिकित्सेचे शिक्षण त्यांनी लिव्हरपूल येथे घेतले, पुढील अनुभव अमेरिकेत मिळविला. तिथे त्यांनी ज्यांच्याबरोबर काम केले, त्यांपैकी चार्ल्स हफनागल हे एक. १९५२ मध्ये माणसाच्या महारोहिणीत पहिली कृत्रिम झडप बसविणारे ते हेच. परतल्यावर वलियाथन काही काळ मद्रासच्या आयआयटीतही होते. शल्यविशारद आणि अभियंते एका टेबलाशी बसले की काय होते, आणि न बसल्यास काय होत नाही, या दोहोंची त्यांना माहिती होती.

१९७६ मध्ये नियोजन आयोगाचे तत्कालीन उपाध्यक्ष पी. एन. हक्सर यांच्या हस्ते वैद्यकीय केंद्राचे उद्घाटन झाले. रुग्णालय शहरात राहिले आणि जैववैद्यकीय तंत्रज्ञानाचा विभाग काही मैलांवर पूजप्पुरा येथील सॅटेलमंड राजवाड्यात उघडला गेला. एकेकाळी हे रीजंट महाराणी सेतू लक्ष्मीबाईंचे निवासस्थान. राजवाड्यात लेथ, चाचणीची यंत्रे आणि पलीकडे मेंढ्यांचे गोठे, हे दृश्य प्रथम पाहणाऱ्याला गंमतीचे वाटते. मलाही वाटले होते.

आता प्रशासनातील माणसाच्या नजरेला पडणारी गोष्ट. १९८० मध्ये संसदेने कायदा करून या संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला आणि ती केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाखाली आणली. आरोग्य मंत्रालयाखाली नव्हे. बाहेरच्यास हा कागदी भेद वाटेल, पण सरकारात ज्याने अर्थसंकल्पाच्या शीर्षांशी झुंज दिली आहे त्याला याचा अर्थ लगेच कळेल. रुग्णालय एका मंत्रालयाचे, कार्यशाळा दुसऱ्याची आणि प्राणिगृह तिसऱ्याचे असते, तर एका मेंढीच्या खुराकासाठी तीन वित्त सल्लागारांची संमती लागली असती. येथे एक संचालक, एक अर्थसंकल्प आणि एकच कायदा होता. सकाळी शस्त्रक्रिया करणारा माणूस दुपारी कार्यशाळेत जाऊन "हा कंगोरा टोचतो, घासून काढा" असे सांगू शकत होता, आणि त्याच्या सांगण्यावर पत्रव्यवहार सुरू होत नव्हता.

हृदयाची झडपच का निवडली, याला अर्थशास्त्रीय कारण आहे. श्रीमंत देशांत झडपा बिघडतात त्या मुख्यतः म्हातारपणी. आपल्याकडे बिघडत त्या बालपणीच्या एका साध्या घसादुखीने. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा धरतो, औषध होत नाही, पुढे सांध्यांचा ताप येतो, आणि जंतूंशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर घाव घालते. झडप जाड होते, आकसते, नीट उघडत नाही किंवा नीट मिटत नाही. एका खोलीत आठ माणसे निजतात अशा घरांचा हा आजार. अनेक स्त्रियांना तो पहिल्या गरोदरपणात कळतो, धाप लागू लागते तेव्हा. म्हणजे रुग्ण तरुण, घर चालविणारा किंवा चालविणारी, आणि उपचार परदेशी झडपेवर अवलंबून. परकीय चलनाची चणचण असलेल्या त्या काळात ही झडप किती जणांच्या आवाक्यात असणार? मागणी अफाट होती, क्रयशक्ती नव्हती. अशा जागी बाजारपेठ आपणहून येत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

झडप दिसावयास क्षुल्लक असते. धातूची एक कडी, तिच्यात तिरकी होऊन उघडणारी एक चकती, चकतीला धरून ठेवणारे दोन आधार आणि कडीभोवती टाके घालण्यासाठी कापडाची गुंडाळी. पण हृदय वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा आकुंचन पावते. तितक्या वेळा ही चकती उघडावयाची आणि मिटावयाची. दहा वर्षांत पस्तीस कोटींच्या वर. एकदाही अडकावयाचे नाही. रक्त तिच्यावर गोठता कामा नये, रक्तपेशी तिच्या आपटण्याने फुटता कामा नयेत. घरातील दाराच्या बिजागरीकडून आपण याच्या सहस्रांशही अपेक्षा करीत नाही.

तिरुवनंतपुरमच्या मंडळींनी पहिला नमुना टायटॅनियमच्या सांगाड्याचा केला. आधार वेल्डिंग करून जोडला होता. चाचणीत आधार त्या जोडापाशीच तुटला.

दुसऱ्या नमुन्यात चकती नीलमण्याची घेतली. दागिन्यातला नीलमणी नव्हे, प्रयोगशाळेत वाढविलेला स्फटिक. अत्यंत कठीण, गुळगुळीत आणि रक्ताशी न भांडणारा. चकती टिकली, पण तिने टायटॅनियमचा सांगाडा झिजवून टाकला. कठीण वस्तू मऊ वस्तूला खाते, हे आपल्या पाट्या-वरवंट्यालाही माहीत आहे.

मग सांगाडा अधिक कठीण करावयाचे ठरले. तिसऱ्या नमुन्यात कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू आला, चकती नीलमण्याचीच राहिली. यंत्रावरील चाचण्या चांगल्या झाल्या. झडप मेंढीच्या हृदयात बसविली. आणि तिथे ती चकती भंगली.

इथवर येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला होता. गटाचे अभियांत्रिकी नेतृत्व जी. एस. भुवनेश्वर यांच्याकडे होते. त्या दिवशी सॅटेलमंड राजवाड्यात काय वातावरण असेल याची मी अनेकदा कल्पना केली आहे. तीन नमुने, तीन अपयशे, आणि प्रत्येक वर्षी दिल्लीला पाठवावयाचे उपयोगिता प्रमाणपत्र.

चौथा नमुना उलट्या विचारातून निघाला. कठीण विरुद्ध कठीण ही चढाओढ त्यांनी सोडली आणि चकती प्लॅस्टिकची केली. अतिउच्च रेणुभाराचे पॉलिथिलीन हे साहित्य सर जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात खुब्याच्या कृत्रिम सांध्यात वापरून सिद्ध केले होते. सांध्यात माणसाचे सारे वजन सोसणारी वस्तू झडपेत का टिकू नये? सांगाडा अखंड धातूतून कोरला, म्हणजे वेल्डिंगचा प्रश्नच उरला नाही. मऊ चकतीचा आणखी एक लाभ झाला. धातूच्या किंवा काचेसारख्या कठीण चकतीच्या झडपेचा टकटक आवाज रात्रीच्या शांततेत रुग्णाला ऐकू येतो. ही झडप त्या मानाने मुकी आहे. प्रवेगी यंत्रावर झडपेला कोट्यवधी वेळा उघडझाप करावयास लावून तिची झीज मोजली. मेंढ्यांत पुन्हा बसविली. ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम माणसाच्या हृदयात बसविली गेली.

या ठिकाणी एका परदेशी झडपेची आठवण द्यावीशी वाटते. बियॉर्क-शायली या बहिर्गोल-अंतर्गोल चकतीच्या झडपेला अमेरिकेत १९७९ मध्ये मान्यता मिळाली. तिचाही एक आधार वेल्डिंगने जोडलेला होता, आणि तोही जोडापाशी तुटत असे. फरक एवढाच की तो माणसांच्या छातीत तुटत होता. आधार तुटला की चकती निसटते आणि मिनिटांत सारे संपते. १९८६ मध्ये ती बाजारातून काढून घेतली जाईपर्यंत जगभर सुमारे ८६,००० रुग्णांत ती बसविली गेली होती. पुढे कित्येक वर्षे हे रुग्ण छातीत टिकटिकणारी भीती घेऊन जगले. केरळातही आधार तुटला होता, पण तो यंत्रावर. चकती फुटली होती, पण मेंढीत. सरकारी भाषेत या प्रकाराला 'निष्फळ खर्च' म्हणतात.

हा शब्दप्रयोग मी स्वतः वापरला आहे. सांगावयाचे राहून गेले, असे वर म्हटले ते हेच.

सेवेत येऊन मला तीन वर्षे झाली होती. साल १९९८. केंद्रातील एका मंत्रालयाच्या वित्त शाखेत मी कनिष्ठ अधिकारी होतो. एका स्वायत्त संस्थेचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. नवजात बालकांसाठी एक उपकरण ती संस्था विकसित करीत होती. दोन नमुने झाले होते, दोन्ही चाचणीत नापास झाले होते, आणि तिसऱ्यासाठी निधी हवा होता. रक्कम आजच्या मानाने हास्यास्पद म्हणावी अशी. सोबत चार पानांचे तांत्रिक स्पष्टीकरण होते. मी ते चाळले, वाचले नाही. मग सुवाच्य अक्षरात टिपण लिहिले: दोन्ही नमुने अयशस्वी ठरले असता, पुढील खर्चाचे समर्थन काय? आधीचा खर्च निष्फळ का मानू नये? तत्सम उपकरण आयात करणे स्वस्त पडेल किंवा कसे, याची तुलना जोडलेली नाही.

टिपण नेटके होते. वरिष्ठांनी खाली 'सहमत' असे लिहिले आणि मला बोलावून शाबासकी दिली. संस्थेने एकदा उत्तर पाठविले, आम्ही आणखी एक शंका काढली, दुसरे उत्तर आले नाही. प्रकल्प बंद झाला. त्यावर काम करणारा तरुण अभियंता नोकरी सोडून परदेशी गेल्याचे पुढे केव्हातरी कानावर आले.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी मी सॅटेलमंड राजवाड्यात उभा होतो. पाहुण्यांना दाखविण्यासाठी झडपेचे जुने नमुने क्रमाने मांडले होते. दाखविणारे गृहस्थ अगदी सहज, किंचित अभिमानानेच म्हणाले, "हा तुटला. हा झिजला. हा फुटला." मी तिसऱ्या नमुन्यापाशी थांबलो. माझ्यासारखा कोणी १९८० च्या दशकात यांच्या फाईलवर बसला असता, तर चौथा नमुना झालाच नसता. दुसऱ्यालाच आडवा आलो असतो मी.

लेखापरीक्षकांना आणि वित्त अधिकाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. मीही त्याच जातीचा. सार्वजनिक पैसा हा जनतेचा आहे आणि प्रश्न विचारलेच पाहिजेत. संशोधनाच्या नावाखाली वर्षानुवर्षे काहीही न करणाऱ्या संस्थाही मी पाहिल्या आहेत. परंतु नमुना का नापास झाला हे जिला नेमके सांगता येते ती संस्था, आणि जिला ते सांगता येत नाही ती संस्था, यांतील भेद ओळखण्यासाठी ती चार पाने वाचावी लागतात. माझा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर माझ्यासमोर होते आणि मी ते पाहिले नाही, ही चूक.

पुढची हकिकत त्या मानाने सरळ आहे. झडप बनविण्याचे तंत्र टीटीके उद्योगसमूहाला देण्यात आले. १९९० ते १९९५ या काळात सहा रुग्णालयांत ३०६ रुग्णांवर तिची चाचणी झाली. त्यांतील एक केंद्र आपल्या मुंबईत होते. त्यानंतर ती बाजारात आली. आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांत ती बसविली गेली आहे. झडप धातूची असल्याने रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि वारंवार रक्त तपासावे लागते, ही तिची मर्यादा. खेड्यातील रुग्णाला ते जड जाते. जगाचा ओढा आता प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या आणि छाती न उघडता नळीवाटे बसविल्या जाणाऱ्या झडपांकडे आहे. म्हणजे कोणा विद्यार्थ्याला वाटत असेल की सारे होऊन गेले, तर तसे नाही.

रक्तपिशवीची कथा आमच्या जमातीला अधिक जवळची आहे. पूर्वी रक्त काचेच्या बाटलीत साठवीत. ती फुटे, निर्जंतुक करणे जिकिरीचे, आणि रक्ताचे घटक वेगळे काढणे तिच्यात अवघड. श्री चित्राने प्लॅस्टिकच्या पिशवीचे तंत्र विकसित केले. पण ते घेणार कोण? घेतले सी. बालगोपाल यांनी. हे १९७७ च्या तुकडीचे आय.ए.एस. अधिकारी, मणिपूरमध्ये काम केलेले. १९८३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि तिरुवनंतपुरममध्ये पेनपोल ही कंपनी काढली. जिल्हाधिकाऱ्याची मोटार सोडून रक्तपिशव्या विकावयास निघालेल्या माणसाला त्याच्या नातेवाइकांनी काय म्हटले असेल ते आपण सारे जाणतो. आपल्या घरांतही तेच म्हटले गेले असते. १९९९ मध्ये जपानची तेरुमो कंपनी भागीदार झाली. प्रयोगशाळेतील वस्तू कारखान्यात नेणे हे शोध लावण्याइतकेच कष्टाचे काम आहे, हे कोणत्याही अभ्यासक्रमात फारसे शिकवीत नाहीत.

कायद्याचे एक वळण नमूद करावयास हवे, कारण नोकऱ्यांशी त्याचा संबंध आहे. झडप माणसात बसविली गेली त्या वर्षी आपल्या देशात वैद्यकीय उपकरणांसाठी स्वतंत्र नियमावली नव्हती. २००५ मध्ये हृदयाच्या झडपा, स्टेंट इत्यादी दहा प्रकारची साधने 'औषध' म्हणून अधिसूचित झाली. कायद्याच्या दृष्टीने झडप हे औषध, ही कल्पना तेव्हा अनेकांना विनोदी वाटली होती. स्वतंत्र नियम २०१७ मध्ये झाले, १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, आणि १ एप्रिल २०२० पासून सारीच वैद्यकीय उपकरणे नियमनाखाली आली. आता प्रत्येक उत्पादकाला चाचणी, जोखमीचा हिशेब आणि कागदपत्रे यांची जाण असलेला अभियंता लागतो. आपल्या देशातील वैद्यकीय उपकरणांचा मोठा भाग अजूनही आयात होतो, ही गोष्ट तशीच आहे.

भाचीच्या प्रश्नाकडे येतो. मद्रास आयआयटी, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि श्री चित्रा या तिन्ही संस्था मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंग या विषयात एम.टेक. चालवितात. प्रवेश गेटच्या गुणांवर. विद्यार्थी तिन्ही ठिकाणी शिकतो: चेन्नईत अभियांत्रिकी, वेल्लोरला रुग्णालय, तिरुवनंतपुरमला उपकरण. शस्त्रक्रियागृहात उभे राहून शल्यविशारदाच्या हाताला नेमके काय अडते ते पाहावयाचे, हा अभ्यासाचाच भाग. अमेरिकेतील अभ्यासक्रमांत प्रयोगशाळा अधिक समृद्ध असतात, निवड मोठी असते, हे मी तिला सांगितले. खर्चही सांगितला, कर्जाचे हप्ते फेडण्यासाठी पहिली पाच वर्षे कोणती नोकरी करावी लागते, तो हिशेब अर्थशास्त्राच्या माणसाने मांडलाच पाहिजे. अमेरिकेस जाऊ नकोस असे मी म्हटले नाही. वलियाथन स्वतः जाऊन आले होते. गेलेला माणूस परत येतो तेव्हा त्याला बसावयास जागा आणि मोडतोड करावयास परवानगी मिळते की नाही, हा प्रश्न तिच्यापेक्षा माझ्या बाजूच्या टेबलाचा आहे.

वलियाथन १९९४ पर्यंत संस्थेचे प्रमुख होते. पुढे मणिपालला कुलगुरू झाले, उतारवयात चरक-सुश्रुतांच्या अभ्यासात रमले. २००५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १७ जुलै २०२४ रोजी मणिपाल येथे त्यांचे निधन झाले. बातमी वाचली त्या रात्री मी १९९८ मधील ते टिपण आठवून पुन्हा लिहून पाहिले. शब्द बहुतेक सारे आठवले.

भाचीला हे टिपणाचे प्रकरण मी दुसऱ्या दूरध्वनीत सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, त्या चार पानांत काय लिहिले होते?"

मुदत संपलेल्या फाईली नियमानुसार नष्ट होतात. ती कधीच झाली असेल. मी तिला तसे सांगितले.

भाची चेन्नईला गेली. पहिल्या सत्रात तिला प्रवाहयांत्रिकी जड जाते आहे, असे तिची आई सांगते.